माजलगाव : भिंतीपलीकडे धरण, पण त्यातलं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

गोठलेल्या तळ्यावरून धावणाऱ्या गाड्या, वर आकाशात हिरव्या प्रकाशाचे पट्टे. असे रील तुमच्याही फोनवर आले असतील. अशा रील्समध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफ या शहराचं नाव हमखास दिसतं. लोकसंख्या जेमतेम २० हजार. शेजारी ग्रेट स्लेव्ह लेक हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं, खोली ६१४ मीटर.

तळ्याकाठचं छोटं शहर म्हटलं की आपल्याला असंच काहीतरी लांबचं, थंड आणि देखणं आठवतं. पण तळ्याकाठचं छोटं शहर आपल्या बीड जिल्ह्यातही आहे. लोकसंख्या सुमारे ५० हजार, तापमान उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे, आणि तळं माणसांनी बांधलेलं. शहराचं नाव माजलगाव.

दर पावसाळ्यात 'माजलगाव धरण इतके टक्के भरलं' ही बातमी सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. पण हे धरण भरतं कसं, रिकामं कशामुळे होतं आणि धरण उशाला असूनही पाण्याची चिंता का संपत नाही? समजून घेऊया.

आकड्यांत माजलगाव धरण

- नदी : सिंदफणा
- प्रकार : मातीचं धरण, सांडव्याला १६ दरवाजे
- पूर्ण झालं : १९८७
- भिंतीची लांबी : सुमारे साडेसहा किलोमीटर
- उंची : सुमारे ३१ मीटर
- एकूण साठा : सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे १६ टीएमसी
- उपयुक्त साठा : सुमारे ३१२ दलघमी, म्हणजे ११ टीएमसी
- मृतसाठा : सुमारे १४२ दलघमी, म्हणजे ५ टीएमसी

माजलगाव नेमकं आहे कुठे?

बीड शहरापासून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर. कल्याणहून अहिल्यानगर, गढी, माजलगाव, पाथरी, परभणी करत नांदेडमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. दुसरा रस्ता खामगावहून पंढरपूरकडे जाणारा. तो माजलगावहून पुढे धारूरचा घाट चढून केजकडे जातो. दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात म्हणून माजलगावची बाजारपेठ पहिल्यापासून मोठी. कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस हा इथला व्यवहार.

रेल्वे मात्र नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे पोहोचली, पण माजलगावकरांना आजही गाडी पकडायला परळी, मानवत रोड किंवा परभणी गाठावं लागतं.

शहराची भूगोलातली गंमत अशी, की गाव धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे यलोनाइफमध्ये घराच्या खिडकीतून तळं दिसतं, तसं इथे दिसत नाही. इथे दिसते ती लांबलचक मातीची भिंत. पाणी तिच्या पलीकडे. गावाला लागून असलेली केसापुरी कॅम्प ही वसाहत याच धरणाच्या कामासाठी उभी राहिली. आज तो शहराचाच भाग वाटतो.

गोदावरीचा तालुका

माजलगाव तालुक्याची उत्तरेकडची हद्द गोदावरीच्या काठाने जाते. धरणातून निघालेली सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीला मिळते. हा संगम धार्मिक विधींसाठी ओळखला जातो.

याच तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मासाला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि भगवान पुरुषोत्तमाचं इथलं मंदिर त्यासाठी प्रसिद्ध आहे. एरवी शांत असलेल्या या गावात दर तिसऱ्या वर्षी, अधिकात, महिनाभर रीघ लागते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२, म्हणजे इ.स. १३१० चा ताम्रपट इथे सापडला.

शहरातला टेंबे गणपतीही असाच जुना. निजामकाळापासून चालत आलेली ही परंपरा. मिरवणुकीत विजेचे दिवे नाहीत, टेंब्यांचा उजेड असतो.

म्हणजे धरण येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून हा भाग नदीकाठचाच होता. धरणाने नदीकाठचं तळ्याकाठचं केलं.

नाव जायकवाडी, धरण पैठणला. असं का?

माजलगावचं धरण समजून घ्यायचं तर आधी जायकवाडी समजून घ्यावं लागतं. कारण माजलगाव प्रकल्प हा जायकवाडीचाच दुसरा टप्पा आहे.

हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर धरणाचा विचार झाला, तेव्हा जागा ठरली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नव्याने अभ्यास झाला आणि जागा नदीच्या वरच्या अंगाला, १०० किलोमीटरहून दूर पैठणला गेली. नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन.

म्हणजे धरण गेलं पैठणला आणि बीड जिल्ह्याच्या वाट्याला आला कालवा. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर लांब आहे. तो अहिल्यानगर जिल्ह्यातला शेवगाव तालुका आणि बीडमधला गेवराई तालुका पार करत थेट माजलगावच्या जलाशयात येऊन संपतो. माजलगाव धरणापासून मग दुसरा, सुमारे १६५ किलोमीटरचा उजवा कालवा सुरू होतो. तो बीडमधून परभणी आणि नांदेड जिल्ह्यांकडे जातो.

सोप्या भाषेत सांगायचं तर पैठण ही मोठी टाकी, माजलगाव ही मधली टाकी आणि कालवा हा दोन्हींना जोडणारा पाइप.

मग माजलगाव धरण भरतं कसं?

दोन वाटांनी.

पहिली वाट सिंदफणेची. ही नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. वाटेत तिला बीडची बिंदुसरा आणि कुंडलिका मिळतात. पण हा सगळा भाग अवर्षणाचा. शिवाय वर सिंदफणा, बिंदुसरा यांसारखे लहान-मध्यम प्रकल्प आहेत. आधी ते भरतात, मग पाणी माजलगावला येतं. त्यामुळे ऑगस्ट संपेपर्यंत धरण तळाला आणि सप्टेंबरमधल्या आठवडाभराच्या पावसात एकदम तुडुंब, असं चित्र इथे अनेकदा दिसतं.

दुसरी वाट पैठणच्या उजव्या कालव्याची. जायकवाडीत भरपूर पाणी असलं तर ते कालव्याने माजलगावला सोडता येतं. पण जायकवाडी स्वतः भरतं ते नाशिक आणि अहिल्यानगरच्या पावसावर. तिथे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे ही धरणं आधी आहेत.

म्हणून माजलगावचा माणूस ढगाकडे बघताना खरं तर दोन आकाशं बघत असतो. एक पाटोदा-शिरूरवरचं आणि दुसरं नाशिक-अकोल्यावरचं.

दोन्ही वाटा आटल्या की काय होतं, तेही बीड जिल्ह्याने पाहिलंय. २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात माजलगावचा उपयुक्त साठा शून्यावर गेला होता.

वरच्या धरणांतून पाणी मागता येतं का?

येतं. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ चा आहे. टंचाईच्या वर्षात खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत समान तूट वाटून घ्यावी, हे त्यातलं तत्त्व. ते गोदावरीला कसं लावायचं, याचं सूत्र मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. २०२३ च्या टंचाईत असंच सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं भांडण जायकवाडीपर्यंतच्या पाण्याचं आहे. ते तिथे पोहोचल्यावर पुढे १३२ किलोमीटर कालव्याने माजलगावला किती यायचं, हा नंतरचा प्रश्न. मातीतून आणि फुटक्या अस्तरातून वाटेत जिरणारं पाणी वेगळंच. यादीत माजलगावचा नंबर नेहमी शेवटून मोजावा लागतो.

टीएमसी, क्युसेक, टक्के : हे गणित एकदा समजून घ्या

मी इंजिनिअरिंगला असताना ही एककं पाठ करून पेपर दिले होते. त्यांचा खरा अर्थ कळला तो बातम्या करताना.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २८.३ दलघमी. या दोघांना जोडणारा आकडा साडेअकरा हजार. साडेअकरा हजार क्युसेकने पूर्ण एक दिवस पाणी वाहिलं, की साधारण एक टीएमसी होतं.

आता हे लावून बघा. कालव्यातून १,००० क्युसेकने पाणी येत असेल, तर माजलगावात एक टीएमसी वाढायला साडेअकरा दिवस लागतील. तेही वाटेत थेंब न गळता.

उलट सिंदफणेला पूर येऊन एक लाख क्युसेक पाणी दिवसभर आत आलं, तर ते साडेआठ टीएमसीच्या वर जातं. धरणाचा उपयुक्त साठा ११ टीएमसी. म्हणजे एका दिवसात पाऊण धरण. धरण आधीच भरलेलं असेल तर तेवढंच पाणी दरवाजांतून खाली सोडावं लागतं. म्हणूनच पुरात दर काही तासांनी विसर्गाचे आकडे बदलतात आणि सिंदफणाकाठच्या गावांना रात्री-अपरात्री सावध केलं जातं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने याचा भयंकर अनुभव घेतला. 'कालपर्यंत धरण रिकामं होतं, आज पूर कसा?' याचं उत्तर या गणितात आहे.

आणि टक्के? बातमीतले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. खाली १४२ दलघमीचा मृतसाठा असतो. तो कालव्याच्या तोंडाखाली असतो, म्हणून शेतीला सोडता येत नाही. पिण्यासाठी मात्र तो पंपाने उचलता येतो. त्यात गाळ किती साचलाय, यावर खरं पाणी किती ते ठरतं.

शहर या तळ्यातलं किती पाणी पितं?

हा भाग बघून मलाही आश्चर्य वाटलं. माणशी रोज १३५ लिटर धरलं, तर ५० हजार लोकांना वर्षाला लागतं सुमारे २.५ दलघमी. उपयुक्त साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी.

बीड शहरही पिण्यासाठी बिंदुसरा प्रकल्पाबरोबर माजलगाव धरणावर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या १ लाख ४६ हजार होती. तोच हिशेब लावला तर वर्षाला सुमारे ७ दलघमी. दोन्ही शहरं मिळून साठ्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास. आज लोकसंख्या वाढलीय, गळतीही आहे. आकडा दुप्पट धरला तरी सहा टक्के.

मग बाकीचं पाणी जातं कुठे?

- शेती : धरण मुळात सिंचनासाठीच बांधलंय. पाटाने दिलेल्या उसाला वर्षात दोन मीटर उंचीचं पाणी लागतं असं धरलं, तर एका हेक्टरला २० हजार घनमीटर. म्हणजे माजलगाव शहराचं वर्षभराचं पिण्याचं पाणी सुमारे १२५ हेक्टर, साधारण ३०० एकर उसाइतकं.
- वीज : गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून परळीचं औष्णिक विद्युत केंद्र पाणी घेतं. त्या बंधाऱ्यासाठीही माजलगावचं पाणी सोडलं गेलंय. २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.
- ऊन : समजा उन्हाळ्यात पाण्याचा पसारा ४० चौरस किलोमीटर आहे आणि दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं. तर एका दिवसात ३ लाख २० हजार घनमीटर पाण्याची वाफ होते. माजलगावला तेवढं पाणी दीड महिना पुरेल.

उसाला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांची घरं दिवाळीनंतर रिकामी होतात. त्याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात पाणी आल्यामुळे ऊस उभा राहिला, पवारवाडी, सावरगाव आणि शेजारी तेलगाव अशा साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या. ज्या शेतकऱ्याने कालव्याच्या भरवशावर मुलीचं लग्न, मुलाचं कॉलेज उरकलं, त्याला 'ऊस लावू नका' म्हणताना त्याच्या हातात दुसरं काय देणार, हेही सांगावं लागेल. ठिबक हा त्यातला एक मार्ग आहे. तेवढ्याच पाण्यात जास्त क्षेत्र भिजतं.

पाणी धरणात आहे, मग नळाला का नाही?

धरण भरलेलं असतानाही अनेक शहरांत काही दिवसांआड पाणी येतं. मराठवाड्यात हे कुणाला नवीन नाही. कारण धरणातलं पाणी आणि नळातलं पाणी यांच्यामध्ये पंप, वीजबिल, जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि उंच टाक्या असतात. यातलं एक जरी कमी पडलं तरी घरातला हंडा रिकामा. धरणाचे टक्के हा पाटबंधारे खात्याचा आकडा आहे. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हा नगरपरिषदेचा. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या वाचाव्यात.

इथे यलोनाइफची गोष्ट पुन्हा आठवते. एवढं मोठं तळं शेजारी, पण शहर आपलं पाणी शेजारच्या खाडीतून घेत नाही. कारण सोन्याच्या खाणी. तिथल्या जायंट खाणीत १९४८ ते २००४ दरम्यान सोनं काढताना आर्सेनिकयुक्त विषारी भुकटी तयार झाली. २ लाख ३७ हजार टन भुकटी आजही जमिनीखाली साठवून ठेवलेली आहे. त्या भीतीने शहराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे आठ किलोमीटरची जलवाहिनी टाकून वरच्या नदीतून पाणी आणलं. म्हणजे तळ्याकाठी असणं आणि तळ्याचं पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथेही आणि इथेही. तिथला प्रश्न विषाचा, आपला वाटपाचा.

तळं कुणाला काय देतं?

धरणाने काहींच्या जमिनी घेतल्या. बुडालेल्या गावांतली कुटुंबं पुनर्वसनाच्या वस्त्यांत गेली. भोई समाजातल्या कुटुंबांना मासेमारी मिळाली. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत काही जण गाळपेर करतात. कालव्याच्या टोकाकडच्या गावांना मात्र धरण भरलेल्या वर्षीही पाळीची वाट बघावी लागते.

शहराने अजून या पाण्याकडे तोंड केलेलं नाही, हेही खरं. एवढा मोठा जलाशय आहे, पण कुटुंबाने संध्याकाळी निवांत बसावं अशी सुरक्षित जागा म्हणून तो ओळखला जात नाही. धोका मात्र आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथे बुडालेल्या एका व्यक्तीचा शोध घेताना बचाव पथकातल्या जवानाचाही जीव गेला. खाली जाळी आणि गाळ असतो, पाणी वरून शांत दिसतं. पोहायला उतरू नका.

पुढच्या वेळी बातमी वाचताना

'माजलगाव शंभर टक्के' असा मेसेज आला, की आनंद जरूर करा. आणि हे तीन प्रश्न विचारा.

एक, पाणी सिंदफणेचं आलंय की पैठणच्या कालव्याचं? सिंदफणेचं असेल तर जायकवाडीत किती आहे, तेही बघा. पुढच्या वर्षीचा आधार तिथे आहे.

दोन, यंदा शेतीला किती पाळ्या ठरल्या? कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हे ठरतं. ती बातमी सहसा आतल्या पानावर असते, पण धरण भरल्याच्या बातमीपेक्षा ती महत्त्वाची.

तीन, पिण्यासाठी जुलैअखेरपर्यंतचं पाणी बाजूला ठेवलंय का? पाऊस जूनमध्ये येईल असं धरून केलेलं नियोजन बीड जिल्ह्यात चालत नाही.

दोन शहरांना प्यायला धरणातलं तीन ते सहा टक्के पाणी पुरतं. तेवढं दरवर्षी आधी बाजूला काढलं, तर २०१६ किंवा २०१९ सारख्या उन्हाळ्यातही माजलगाव आणि बीडच्या घरांत टँकरची वाट बघावी लागू नये. आकडे तरी तेच सांगतात.